वेअरवुल्फच्या खटल्यांवर लिहायचंय? मग आधी कागद तपासायला शिका

वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारा माणूस, असं म्हणलं की पौर्णिमा, चांदीची गोळी आणि टराटरा फाटणारा शर्ट एवढंच डोक्यात येतं. पण पंधराव्या ते सतराव्या शतकात युरोपात या आरोपावरून खरीखुरी कोर्टं भरली, साक्षी झाल्या, कारकुनांनी पानंच्या पानं लिहिली आणि माणसं जाळली गेली. या विषयावर व्हिडिओ नि लेख करणारे भरपूर आहेत आणि बहुतेक जण एकमेकांचंच उचलतात, त्यामुळे एकाने केलेली चूक दहा ठिकाणी दिसते आणि मग ती खरीच वाटायला लागते. तुम्हाला यावर काही लिहायचं असेल, किंवा नुसतं वाचलेलं खरं की थाप ते कळून घ्यायचं असेल, तर कुठून सुरुवात करायची आणि कुठे फसायला होतं ते सांगतो. इतिहासाची डिग्री लागत नाही, थोडा संशयी स्वभाव लागतो.

सगळ्यात आधी डोक्यातला सिनेमा बाहेर काढा. खटल्यांच्या कागदांत पौर्णिमेला आपोआप लांडगा होणारा माणूस जवळजवळ सापडत नाही, चावल्यामुळे लागण होते ही कल्पना पण नाही. तिथे काय असतं तर मलम असतं, कमरेचा पट्टा असतं, लांडग्याचं कातडं असतं, आणि ते देणारा कुणीतरी काळा माणूस किंवा 'जंगलाचा मालक' असतो. म्हणजे आरोपीने सैतानाशी सौदा केला असा मुद्दा. तो आजारी किंवा शापित आहे असं कोर्ट म्हणत नव्हतं, तो गुन्हेगार आहे असं म्हणत होतं. चंद्र येतो अधूनमधून, पण बघा, १६०३ सालच्या जाँ ग्रेनिये या पोराने तर आपण चंद्र उतरणीला लागला की फिरतो असं सांगितलं होतं, म्हणजे पौर्णिमेला नाहीच. तेव्हा एखाद्या लेखात 'पौर्णिमेच्या रात्री त्याने रूप बदललं' असं दिसलं की समजायचं, लिहिणाऱ्याने मूळ काही वाचलेलं नाही.

नकाशा उघडा, आणि तो त्या काळचा उघडा

हे बोरिंग वाटतं पण अर्ध्या चुका इथेच होतात. सगळ्यात गाजलेल्या केसेसपैकी तीन (१५२१ ची पोलिन्यीची, १५७०च्या दशकातली दोलची जिल गार्नियेची आणि १५९८ ची सँ-क्लोदच्या गांदियों कुटुंबाची) या 'फ्रान्समधल्या' म्हणून सांगितल्या जातात. ही सगळी गावं फ्रांश-कोंते भागात येतात आणि तो भाग तेव्हा फ्रान्सच्या राजाकडे नव्हताच, हाब्सबुर्ग या दुसऱ्याच राजघराण्याकडे होता. फ्रान्सकडे तो कायमचा गेला १६७८ मध्ये. आता तुम्ही म्हणाल याने काय फरक पडतो, तर बराच पडतो, कारण तिथून पॅरिसच्या कोर्टाकडे अपील जात नव्हतं. अपील कुठे जातं यावर माणूस जगतो की जळतो हे ठरायचं, पुढे सांगतोच.

आणि एक, फ्रेंच कागदांत पार्लमाँ असा शब्द सारखा येतो, पार्लमाँ ऑफ दोल, पार्लमाँ ऑफ पॅरिस वगैरे. ते त्या प्रांताचं वरचं कोर्ट. 'दोलच्या संसदेने शिक्षा दिली' असं लिहून स्वतःचं हसं करून घेऊ नका.

पुढे थीस नावाच्या म्हाताऱ्याचा खटला येईल, त्या लिव्होनियाचं पण तसंच. आजचा लाटव्हिया आणि एस्टोनिया यांच्यात तो भाग येतो, सतराव्या शतकात स्वीडनच्या ताब्यात, जमीनदार आणि जज जर्मन बोलणारे, शेतकरी लाटव्हियन नाहीतर एस्टोनियन. एकाच खटल्यात राजा एका भाषेचा, कोर्ट दुसऱ्या आणि आरोपी तिसऱ्या. हे डोक्यात ठेवलं नाही तर पुढचं काहीच नीट कळणार नाही.

मग विचारा: हा कागद लिहिला कोणी?

यावर जरा वेळ घालवतो, कारण सगळी मेख इथे आहे.

एखादी केस दिसली की तिच्यामागे चारपैकी कुठला कागद आहे ते शोधायचं. कोर्टाच्या कारकुनाने लिहिलेली प्रश्नोत्तरं, कोर्टाचा निकाल, बाजारात विकायला छापलेलं पत्रक, किंवा कुठल्यातरी विद्वानाने नंतर लिहिलेलं पुस्तक. या चारांची किंमत सारखी नाही. आणि गंमत म्हणजे सगळ्यात फेमस केसच्या मागे सगळ्यात कच्चा कागद आहे.

ती केस म्हणजे कोलोनजवळच्या बेडबुर्गचा पीटर श्टुम्प. ३१ ऑक्टोबर १५८९ ला त्याला मारलं. तापलेल्या सांडशीने मांस तोडलं, चाकावर बांधून हातपाय मोडले, मुंडकं उडवलं, धड जाळलं. सोबत त्याची मुलगी आणि त्याच्यासोबत राहणारी बाई यांनाही जाळलं. पंचवीस वर्षं खून करत होता, सैतानाने दिलेला पट्टा कमरेला बांधला की लांडगा व्हायचा, अशी गोष्ट. आता ही आपल्याला कुठून कळते? खटल्याचे कागद हातात नाहीत. बेडबुर्गचे चर्चचे दप्तर पुढे तीस वर्षांच्या युद्धात, म्हणजे १६१८ ते १६४८ च्या भानगडीत, नष्ट झालं. उरलं काय तर जर्मनीत छापलेली चित्रांची पत्रकं, कोलोनच्या एका नगरसेवकाच्या रोजनिशीतला उल्लेख, आणि १५९० मध्ये लंडनमध्ये छापलेली एक पुस्तिका, जी स्वतःला जर्मनवरून केलेलं भाषांतर म्हणवते. त्या इंग्रजी पुस्तिकेच्या दोनच प्रती माहीत आहेत आणि विसाव्या शतकात ती पुन्हा छापली गेली तेव्हापासून सगळं जग तीच वाचतंय.

ती पुस्तिका नीट वाचली तर तिच्यातच सगळं दिसतं. श्टुम्पला छळाच्या यंत्राकडे नेलं, आणि छळाच्या भीतीने त्याने 'स्वखुशीने' सगळं कबूल केलं, असं ती एका दमात सांगते. यातला विनोद लेखकाला दिसलेला नाही. मग पट्टा कुठाय? तर तो म्हणाला एका दरीत टाकला. अधिकाऱ्यांनी माणसं पाठवली, काही सापडलं नाही, आणि यावर लेखकाचा निष्कर्ष असा की सैतानाने आपला पट्टा परत नेला असणार! पुरावा सापडला नाही हाच पुरावा. पुस्तिकेत लंडनमध्ये राहणाऱ्या आणि मूळच्या त्याच मुलखातल्या एका बिअर बनवणाऱ्याचं नाव पण घातलंय, हा माणूस ओळखीचा आहे विचारून घ्या अशा थाटात. आजकाल फॉरवर्डच्या खाली 'माझ्या मित्राच्या काकांनी स्वतः बघितलं' असतं ना, तसंच.

बळींची संख्या मोजून बघा, हा चांगला सराव आहे. पुस्तिका म्हणते १३ मुलं आणि दोन गरोदर बायका, त्यात त्याने स्वतःच्या मुलालाही मारल्याचं वेगळं येतं, आणि शेवटी खांबाभोवती १६ लाकडी फळ्या लटकवल्या असं सांगितलंय, एकेका बळीची एक. इंटरनेटवर कुठे १३, कुठे १४, कुठे १६, कुठे १८ दिसतात ते याच गोंधळातून. तुम्ही लिहिताना आकडा कुठून आला तेवढं सांगा, म्हणजे झालं.

आणि आजूबाजूला काय चाललं होतं? कोलोनचा आर्चबिशप, जो त्या मुलखाचा राज्यकर्ताही होता, प्रोटेस्टंट झाला म्हणून १५८३ पासून तिथे युद्ध पेटलेलं, १५८८ पर्यंत सैन्यं तो सगळा मुलूख तुडवत होती. गावं ओस पडलेली, मुलं हरवलेली, प्रेतं उघड्यावर, आणि कॅथलिकांची सत्ता नुकतीच परत आलेली. श्टुम्प हा खरंच खुनी होता, की राजकारणात सापडला, की दोन्ही, यावर इतिहासकारांचे वेगवेगळे अंदाज आहेत आणि ते अंदाजच आहेत. 'जगातला पहिला सिरीयल किलर' वगैरे हेडलाइन देऊ नका. मुळात पहिला पण नाही आणि सिद्ध पण नाही.

तारीख बघून लगेच उतरवून घेऊ नका

जिल गार्नियेचं बघा. दोलजवळ एकांतात राहणारा, बायको-पोरं असलेला गरीब माणूस. त्याला जाळलं ती तारीख १८ जानेवारी. साल? कुठे १५७३, कुठे १५७४. दोन्ही बरोबर वाटतात आणि म्हणूनच लोक गोंधळतात. उलगडा सोपा आहे, तिथे तेव्हा नवीन वर्ष १ जानेवारीला नाही तर ईस्टरला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारीतला कागद जुन्याच सालाचा आकडा वापरतो. आपल्या हिशोबाने ते १५७४. आणि हे पडताळता पण येतं, कारण दोलच्या कोर्टाने गावकऱ्यांना वेअरवुल्फची शिकार करायची परवानगी दिली तो हुकूम सप्टेंबर १५७३ चा आहे. शिकारीचा हुकूम आरोपीला जाळल्यानंतर आठ महिन्यांनी निघेल का? नाही ना. असं दोन कागद शेजारी ठेवून बघायची सवय लावा.

तो हुकूम स्वतःच वाचण्यासारखा आहे. सामान्य माणसाला शिकारीवर बंधनं होती, म्हणून कोर्टाला खास सांगावं लागलं की शिकारीचे कायदे असले तरी या कामासाठी भाले, बंदुका, काठ्या घेऊन जमा. म्हणजे लोक खरोखर घाबरलेले होते आणि लांडगेही खरोखर होते. हे आपण विसरतो. त्या काळच्या चर्चच्या दफनाच्या नोंदींत लांडग्याने खाल्लेल्या पोरांच्या नोंदी सापडतात, गुरं राखायला एकटी जाणारी पोरं सगळ्यात जास्त. आरोपीत पण गुराखी, भिकारी, गावाबाहेर राहणारे हेच जास्त दिसतात. ग्रेनिये गुरं राखायचा, १५२१ चा पिएर ब्यूर्गो मेंढपाळ होता, त्याची तर कबुलीच अशी सुरू होते की वादळात मेंढ्या पांगल्या आणि काळे कपडे घातलेले तीन घोडेस्वार भेटले.

गार्नियेच्या निकालपत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात विचित्र वाटते. शेवटच्या मुलाला त्याने लांडग्याच्या रूपात नाही, माणसाच्याच रूपात मारलं असं निकालात लिहिलंय, आणि वर हे पण की लोक आले नसते तर त्याने ते मांस खाल्लं असतं, शुक्रवार असूनसुद्धा. शुक्रवारी मांस खायचं नसतं हा चर्चचा नियम. नरभक्षक माणसावरच्या आरोपात उपास मोडण्याचा आरोप पण जोडलाय. असले तपशील दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या लेखात गळून जातात, आणि कोर्टाचं डोकं कसं चालत होतं ते खरं यांच्यातच दिसतं.

कबुली वाचायची तर आधी प्रश्न वाचा

मूळ प्रश्नोत्तरं मिळाली (बऱ्याच केसेसची भाषांतरं मिळतात) तर एक काम करा. फक्त प्रश्न आधी वाचून काढा, उत्तरं झाका. जजला काय हवंय ते लगेच कळतं. नंतर उत्तरं वाचा आणि बघा, आरोपी कुठे नुसतं 'हो' म्हणतो आणि कुठे स्वतःचं काही सांगतो. 'हो' म्हणलेलं सगळं जजचं समजा. प्रश्नाबाहेरचं जे येतं ते खरं आरोपीचं.

१५९८ मध्ये फ्रान्समधल्या आँजेजवळ जाक रूले नावाचा भिकारी झुडपात अर्धनग्न सापडला, केस वाढलेले, नखं वाढलेली, हात रक्ताने भरलेले, जवळच एका पंधरा वर्षांच्या मुलाचं प्रेत. जज विचारतो, मलम लावल्यावर लांडगा होतोस का? तो म्हणतो नाही, पण मुलाला मी खाल्लं, मी लांडगा होतो. कपडे लांडग्याचे होते का? नाही, आत्ता आहेत तेच. हातापायाचे पंजे होतात का? हो. डोकं लांडग्यासारखं होतं का, तोंड मोठं होतं का? तेव्हा डोकं कसं होतं मला माहीत नाही, आज आहे तसंच होतं, दात वापरले. वाचताना कळतं की एका बाजूला साचा घेऊन बसलेला माणूस आहे आणि दुसऱ्या बाजूला त्या साच्यात नीट न बसणारा, बहुतेक डोक्याने ठीक नसलेला माणूस. याच्यावरून 'रूलेने आपण लांडगा होतो असं कबूल केलं' एवढं एक वाक्य केलं तर खोटं नाही, पण खरं पण नाही.

किंवा एस्टोनियातलं १६५१ चं हान्सचं प्रकरण घ्या, अठरा वर्षांचा पोरगा. दोन वर्षं वेअरवुल्फ म्हणून शिकार केली असं तो सांगतो. जज विचारतात, तुझं शरीर जायचं की नुसता आत्मा? असला प्रश्न शेतकऱ्याच्या पोराच्या डोक्यात येणं शक्य नाही, तो थेट धर्मशास्त्राच्या वर्गातला प्रश्न आहे. हान्स उत्तर देतो की लांडगा असताना कुत्रा चावला त्याच्या दातांच्या खुणा माझ्या पायावर निघाल्या. बिचाऱ्याला वाटलं असेल हे पटेल. पटलं, आणि तेच नडलं. काळ्या कपड्यातल्या माणसाने लांडग्याचं शरीर दिलं असं म्हणल्यावर ते सैतानी झालं आणि मृत्युदंड झाला.

आत्मा की शरीर हा प्रश्न इतका का महत्त्वाचा, हे माहीत असलं पाहिजे, नाहीतर सगळे खटले वेड्यांचा बाजार वाटतील. चर्चची जुनी भूमिका अशी होती की जीवाचं रूप बदलणं फक्त देवाला शक्य, सैतानाला नाही. दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक चर्चचा नियम तर असं काही होतं असं मानणाऱ्यालाच बिगर-ख्रिस्ती माणसाहून वाईट म्हणतो. मग लांडगा होणाऱ्याला शिक्षा कशी द्यायची? विद्वानांनी वाटा काढल्या. सैतान त्या माणसाच्या डोक्यात भ्रम घालतो, किंवा बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर पडदा टाकतो, किंवा माणूस झोपलेला असताना खरा लांडगा किंवा सैतान स्वतः जाऊन काम करतो आणि माणसाला वाटतं आपणच केलं. कुठल्याही वाटेने गेलं तरी सौदा झालेला असतोच, त्यामुळे शिक्षा टळत नाही. सँ-क्लोदचा जज आँरी बोगे याच मताचा, खरं रूपांतर होत नाही असं मानायचा आणि तरी गांदियों कुटुंबाला जाळायला त्याला काही अडचण आली नाही. ते तुरुंगात हातापायांवर रांगत होते असं तो लिहितो, मग लांडगे का झाले नाहीत? तर मलम संपलं होतं म्हणे. त्यांच्यातल्या पेर्नेत गांदियोंला कोर्टापर्यंत जाऊच दिलं नाही, गावकऱ्यांनीच मारलं. म्हणून तिला 'शिक्षा झाली' असं लिहायचं नाही.

पुस्तकवाल्यांत दोन नावं सारखी भेटतील. योहान वायर हा डॉक्टर, १५६३ च्या त्याच्या पुस्तकात म्हणतो हे लोक आजारी आहेत, काळ्या पित्ताचा (म्हणजे तेव्हाच्या वैद्यकाप्रमाणे मनाच्या उदासीचा) विकार आहे, आणि पोलिन्यीची केस आपल्याला माहीत आहे ती बरीचशी त्याने ती दिली म्हणून. जाँ बोदँ हा कायदेपंडित, १५८० मध्ये त्याला झोडपतो आणि रूपांतर खरंच होतं म्हणतो. म्हणजे 'त्या काळी सगळेच अंधश्रद्ध होते' हे वाक्य कापून टाका. भांडणं तेव्हाही होती, आणि जोरात होती.

आता थीस, कारण तो कुठल्याच साच्यात बसत नाही

या सगळ्या खटल्यांत एकच वाचायचा असेल तर हा वाचा. लिव्होनियातलं युर्गेन्सबुर्ग, साल १६९१. ऐंशीच्या पुढचा म्हातारा थीस कोर्टात आलाय तो आरोपी म्हणून नाही, चर्चमधल्या चोरीच्या केसमध्ये साक्षीदार म्हणून. तिथे निघतं की गावात सगळ्यांना माहीत आहे हा वेअरवुल्फ आहे. आणि तो मान्य करतो, आरामात. याच्या आधीही एकदा सांगितलं होतं, तेव्हाचा जज हसला आणि सोडून दिलं.

मग तो जे सांगतो ते जजच्या कुठल्याच पुस्तकात नाही. आम्ही सैतानाचे नाही, देवाचे कुत्रे आहोत म्हणतो. वर्षातून ठराविक रात्री नरकात जातो आणि जादूगारांनी तिथे पळवून नेलेलं धान्य, पिकांची बरकत, परत आणतो, म्हणून शेतं पिकतात. नाक मोडलंय ते कसं? नरकात एका जादूगाराने झाडूने मारलं. जज म्हणतो सैतानाशी करार केलास, तो म्हणतो नाही. पाद्री बोलावतात, तो म्हातारा पाद्र्यालाच सांगतो मी तुमच्यापेक्षा मोठा आहे, मला शिकवू नका अशा अर्थाचं. डोक्याने ठीक आहे का म्हणून गावकऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात एकदम ठीक आहे. छळ नाही, धमकी देऊन काढलेलं नाही, तरी शेवटपर्यंत बदलत नाही.

१६९२ मध्ये वरच्या कोर्टाने फटके आणि हद्दपारी अशी शिक्षा कायम केली. जाळलं नाही. हा कागद १९२४ मध्ये छापला गेला, पुढे इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग यांनी त्याची तुलना इटलीतल्या फ्रिउलीच्या बेनान्दांतींशी केली, म्हणजे रात्री आत्म्याने बाहेर पडून पिकांसाठी जादूगारांशी लढतो असं सांगणारे शेतकरी. त्यावर भांडणं अजून चालू आहेत, एक बाजू म्हणते इथे खूप जुना लोकधर्म दिसतोय, दुसरी म्हणते एका हुशार म्हाताऱ्याने जर्मन साहेबांना टोमणा मारलाय. मला दुसरं जास्त पटतं, पण ते माझं मत. एवढंच लक्षात ठेवा की म्हातारा शेतकरी, कागद जर्मनमध्ये, म्हणजे आपण जे वाचतो ते कारकुनाच्या लेखणीतून आलेलं आहे. 'थीसचे शब्द' म्हणून अवतरणात टाकताना हात आखडता घ्या.

शिक्षा कोणाच्या हातात होती

रूलेला खालच्या कोर्टाने मृत्युदंड दिला होता. पॅरिसच्या पार्लमाँकडे अपील गेलं, त्यांनी तो रद्द करून दोन वर्षं वेड्यांच्या इस्पितळात ठेवायला सांगितलं, धर्माचं शिक्षण द्या म्हणून. त्याच वर्षी, १५९८ मध्येच, तिकडे फ्रांश-कोंतेमध्ये बोगे गांदियोंना जाळत होता. माणसं तितकीच गरीब, आरोप तोच, कोर्ट वेगळं. म्हणून नकाशा नकाशा करत होतो.

ग्रेनियेचं पण तसंच झालं. तेरा-चौदा वर्षांचा, गुराखी पोरींना घाबरवायला मी लांडगा होतो म्हणून फुशारक्या मारायचा, त्यातल्या एकीने साक्ष दिली. १६०३ मध्ये बोर्दोच्या पार्लमाँने त्याचं वय आणि मंद बुद्धी बघून जाळायचं नाही ठरवलं, जन्मभर मठात ठेवलं. १६१० मध्ये पिएर द लांक्र त्याला मठात भेटला आणि त्याने जे लिहिलं त्यावर आपली बरीच माहिती उभी आहे. हा द लांक्र कोण? फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या बास्क मुलखात १६०९ मध्ये चेटकिणींचा शोध घेत फिरलेला, माणसं जाळलेला जज. तो भेटायला जातो तेव्हा त्याला लांडगाच दिसणार हे गृहीत धरून वाचा.

काही थापा, ज्या सारख्या भेटतील

'१५२० ते १६३० मध्ये एकट्या फ्रान्समध्ये ३०,००० वेअरवुल्फ केसेस.' हा आकडा सगळीकडे दिसतो. कोर्टाच्या दप्तरात याला काही आधार नाही. साधा हिशोब करा, आख्ख्या युरोपात तीनेकशे वर्षांत चेटकाच्या आरोपावरून मारलेल्यांचा आजचा अंदाज ४०,००० ते ६०,००० आहे, आणि वेअरवुल्फचे खटले हा त्याचा अगदी छोटा कोपरा.

शिकाऱ्याने लांडग्याचा पंजा तोडला, पिशवीतून काढला तर बाईचा हात, बोटात अंगठी, आणि घरी येऊन बघतो तर मित्राची बायको हात लपवून बसलेली. बोगेने ही फ्रान्समधल्या ओव्हेर्न्यची १५८८ ची घटना म्हणून दिलीय. पण तोडलेल्या पंजाची ही कथा प्राणी आणि गावं बदलून कित्येक ठिकाणी भेटते, कधी लांडगा कधी मांजर. अशी गोळीबंद, शेवटाला धक्का देणारी गोष्ट दिसली की ती लोककथा आहे असं धरूनच चाला, खटला नाही.

जेव्होदाँचं श्वापद, म्हणजे फ्रान्समध्ये माणसं मारणारं ते गाजलेलं जनावर, १७६४ ते १७६७ मधलं, त्यात वेअरवुल्फ म्हणून कोणावर खटला चालला नाही. ते या यादीत टाकू नका.

आजारांचं पण सांभाळून. पॉर्फिरिया (एक दुर्मिळ आजार), रेबीज, बुरशी लागलेलं राय नावाचं धान्य, यातलं एक नाव घेऊन सगळं उलगडलं असं सांगणारे खूप आहेत. चारशे वर्षांपूर्वीच्या, छळाच्या भीतीत दिलेल्या जबानीवरून रोग ओळखणं म्हणजे हवेत बाण. शिवाय दोलचं निकालपत्र, श्टुम्पची पुस्तिका आणि थीसची प्रश्नोत्तरं, यांना एकच रोग लावायचा कसा? कोर्ट आणि कायदा सोडून रोगाकडे पळालं की मुख्य प्रश्नच हातातून जातो.

आणि 'चेटकीण बाई, वेअरवुल्फ पुरुष' असा सरसकट नियम करू नका. पश्चिमेकडे आरोपी जास्त करून पुरुष दिसतात हे खरं, पण एस्टोनियात वेअरवुल्फ बनून नुकसान केल्याच्या १८ खटल्यांत १८ बायका आणि १३ पुरुष आहेत.

शोधायचं कुठे, आणि चित्र कुठलं लावायचं

नुसतं इंग्रजी शब्दाने शोधलं तर तेच ते पहिल्या पानावरचे लेख येतील. फ्रेंच केससाठी 'लू-गारू' आणि जर्मनसाठी 'वेरवोल्फ' रोमन लिपीत टाकून शोधा, सोबत गावाचं नाव आणि साल. नावांची स्पेलिंगं पण बदलून बघा, श्टुम्प कुठे स्टुब्ब होतो, कुठे स्टुम्फ. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका साइटवर त्या काळची फ्रेंच पुस्तकं फुकट बघता येतात. भाषा येत नसेल तर फोनवरच्या भाषांतराने निदान प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं एवढं कळतं, फक्त जुनी छपाई असल्याने एस आणि एफ मध्ये तो हमखास घोळ घालतो.

लिहायला बसलात की प्रत्येक केससाठी तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: आरोप काय होता, आरोपी काय म्हणाला, शिक्षा काय झाली. 'त्याने १३ मुलं खाल्ली' आणि 'त्याने १३ मुलं खाल्ली असं पुस्तिकेत छापलंय' यात फक्त तीन शब्दांचा फरक आहे, तेवढे टाकायचा कंटाळा करू नका.

चित्राचं शेवटी सांगतो कारण ते शेवटीच आठवतं आणि घाईत काहीही लावलं जातं. हातापायांवर रांगणारा, तोंडात मूल धरलेला दाढीवाला माणूस, बाजूला प्रेतांचे तुकडे, हे चित्र श्टुम्प म्हणून सर्रास वापरतात. ते लुकास क्रानाखचं लाकडी ठशाचं चित्र आहे, साधारण १५१२ चं, म्हणजे श्टुम्पच्या शिक्षेच्या पाऊणशे वर्षं आधीचं, आणि नीट बघितलं तर त्यातल्या माणसाला लांडग्याचं काहीच नाही, ना केस ना शेपूट. श्टुम्पचं हवं असेल तर आउग्सबुर्गच्या लुकास मायरचं १५८९ चं पत्रक घ्या, एकाच चित्रात सगळी गोष्ट पुढेपुढे सरकत जाते, लांडगा, पाठलाग, चाक, आग. अजून एक असंच फिरतं, १६८५ चं जर्मनीतल्या आन्सबाखचं, विग आणि माणसाचे कपडे घालून फासावर लटकवलेला लांडगा. तिथे तर माणसावर खटलाच नाही, मेलेला नगराध्यक्ष लांडगा होऊन आलाय अशी लोकांची खात्री होती आणि खऱ्या लांडग्याला मारून त्याला नगराध्यक्षाचा वेष चढवला. ते लावलंत तर खाली नाव तेवढं बरोबर लिहा.